कोपऱ्यातला अंगठा

"बाबा, अंगठा!"

जेवणाच्या टेबलावरून ती ओरडली. समोर तपासायच्या प्रुफांचा गठ्ठा पडला होता, तरी प्रुफातली चूक खुपावी तसा तो अंगठा तिला इथूनही खुपत होता.

खिडकीशी तिचे बाबा दोन्ही हातांत फोन धरून नातीची शाळा सांभाळत होते. शाळा बंद, त्यामुळे दुसरीचा वर्ग फोनवर भरायचा. आणि रोज त्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बाबांचा अंगठा यायचाच. कधीकाळी हातोडीखाली सापडलेला, अर्धं नख काळं पडलेला.

"अंगठा आजोबा आले!" फोनमधून पोरांचा गलका झाला.

"हजर!" म्हणत बाबांनी अंगठा नाचवला.

"बाबा, सगळ्या वर्गासमोर कसं दिसतं ते! एवढा फोनचा स्टँड केलाय ना तुम्ही? मग वापरा की."

स्टँड होता खरा. जन्मभर सुतारकाम केलेल्या हातांनी उरल्यासुरल्या लाकडातून केलेला, कडा घासून गुळगुळीत. तो बिचारा कपाटावर धूळ खात होता.

"स्टँडला मान कुठे असते?" बाबा म्हणाले. "ही भिंगरी काय एका जागी बसणाऱ्यातली आहे? हिच्यामागे फिरायला माणूसच लागतो."

भिंगरी हे नाव बाबांनीच ठेवलेलं. आता वर्गातही तेच झालं होतं. नात तोवर खुर्चीवरून उतरून पलंगाखाली चेंडू शोधायला गेली होती. बाबाही फोनसकट तिच्यामागे वाकले. गुडघे कटकन वाजले.

"आजोबा, उद्या वाचनात भिंगरीचा पहिला नंबर हं," फोनमधून बाई म्हणाल्या. "तयारी करून घ्या."

"तयारी आहे बाई. फक्त ती चालत चालत वाचते."

"वाचते ना? मग चालू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळून तिने हाक मारली. बाबांनी ओ दिली नाही.

दिवसकार्य आटोपून आलेली माणसं आपापल्या घरी गेली. घर पुन्हा तिघांऐवजी दोघींचं म्हणून चालू झालं, तेव्हा तिने कपाटावरचा स्टँड काढला, पदराने पुसला आणि फोन त्यात ठेवला. तंतोतंत बसला. जराही हलला नाही. पडद्याचे चारही कोपरे मोकळे होते. एकही खूण करावी न लागणाऱ्या प्रुफासारखे.

"अंगठा आजोबा कुठेत?" एका चौकटीतून एका मुलीने विचारलं.

"पुस्तकं काढा बरं सगळ्यांनी," बाई घाईघाईने म्हणाल्या.

पण भिंगरीला विचारल्याचं उत्तर द्यायची सवय होती. "आजोबा वारले," ती म्हणाली. "आता स्टँड आहे."

चौकटीचौकटींतून पुस्तकं निघाली.

"भिंगरी, तुझं वाचन राहिलंय बाळा," बाई म्हणाल्या. "वाचतेस?"

भिंगरीने पुस्तक उघडलं. सावली शोधत निघालेल्या कासवाचा धडा होता. पहिली ओळ तिने बसून वाचली. दुसरीला पाय जमिनीला लागले. तिसरीला ती उठली आणि पुस्तक नाकाशी धरून चालायला लागली. पडद्यावर नुसती खुर्ची राहिली.

"अगं, बैस ना एका जागी!" टेबलावरून आई म्हणाली.

"बसल्यावर मला येत नाही."

"भिंगरी, दिसत नाहीस गं," बाई म्हणाल्या. "आवाजही नीट येत नाहीये."

वाचन थांबलं. भिंगरी दाराशी उभी होती, मागे वळून. आईकडे नाही, स्टँडकडे बघत होती. कोणी मागून येण्याची वाट बघावी तशी.

आई प्रुफं बाजूला सारून उठली. फोन उचलला. "चल," म्हणाली.

भिंगरी निघाली. कासव झुडपाकडे गेलं, भिंगरी स्वयंपाकघराकडे. कासवाला खडक लागला, भिंगरी बोळातून वळली. मागोमाग फोन धरून ती. एवढासा फोन, पण मनगट भरून आलं. पोरीचा चेहरा चौकटीत ठेवायचा, पुस्तक झाकायचं नाही, दाराला धडकायचं नाही. रोज सकाळी बाबा हे करत होते, हसत, आणि वर आपली बोलणी खात.

बाबांच्या खोलीचं दार तिने त्या दिवसापासून लोटून ठेवलं होतं. भिंगरीने ते कोपराने ढकललं, वाचता वाचताच. आत कॉट. उशाशी चष्मा, त्याच्याजवळ सुताराची चपटी पेन्सिल. आई उंबऱ्याशी थबकली. फोनमध्ये पोर लहान लहान होत गेली. मग तीही आत गेली.

भिंगरी कॉटच्या कडेला बसली. "आणि कासवाला कळले," तिने शेवटची ओळ वाचली, "की सावली त्याच्या पाठीवरच होती." पुस्तक मिटलं. फोनमध्ये पोरांनी टाळ्या वाजवल्या.

भिंगरीने पडद्याकडे पाहिलं आणि ती हळूच म्हणाली, "आई, अंगठा."

तिने पाहिलं. खालच्या कोपऱ्यात तिचा अंगठा आला होता. तो बाजूला घ्यायला तिने हात सरकवला, तर भिंगरीचं अर्धं डोकं चौकटीबाहेर गेलं. पुन्हा धरला. पोर पुरी दिसायची तर फोन असाच धरावा लागत होता, आणि अंगठ्याला दुसरी जागाच नव्हती.

आवाज चालू होता. सगळा वर्ग ऐकत होता.

"असू दे," ती म्हणाली. मग फोनकडे नाही, भिंगरीकडेही नाही, उशाशी ठेवलेल्या चष्म्याकडे बघत मोठ्याने म्हणाली, "असू दे, बाबा. छान दिसतो."