हलू नकोस

बाबांनी चित्र दोन्ही हातांत धरून लांब नेलं, मग जवळ आणलं.

"छान झालंय," ते म्हणाले. "पासपोर्टला चालेल."

आणि पिशवी घेऊन बाजारात निघून गेले.

लेक ब्रश धरून तशीच बसली. आई गेल्यापासूनचा हा तिसरा प्रयत्न. लोकांची चित्रं काढणं हाच तिचा धंदा. परक्यांचे आजोबा-पणजोबा तिनं फोटोवरून हुबेहूब उतरवले होते. आईचा मात्र एकच धड फोटो होता आणि बाबांना तो भिंतीवर नको होता. त्यांच्या पलंगासमोरची रिकामी भिंत तिला बघवत नव्हती.

"मावशी, नाक चुकलंय का गं?"

मावशी खिडकीच्या कट्ट्यावर पाय पसरून मटार सोलत होती. चार दाणे भांड्यात, एक तोंडात.

"नाकाचं काय घेऊन बसलीस? ही एवढी गप्प कधी होती? फोटोवाला म्हणाला, हलू नका. बसली श्वास रोखून. बाहेर आल्यावर मला म्हणते, मेल्याच्या डोक्यावर पाल होती, आणि मला सांगताही येईना."

लेक हसली. हसता हसता तिचं लक्ष गेलं. मावशीच्या कपाळावर बट आली होती. बोटं ओली, म्हणून तिनं ती मनगटाच्या पाठीनं मागे सारली, बोलणं न तोडता. उन्हात कानाची पाळी तांबूस दिसली. हातातली उघडी शेंग आतून उजळली. आईसुद्धा अशीच बट सारायची. रोज, डोळ्यांसमोर. आणि आपण फोटो बघत बसलो.

"मावशी, तशीच थांब. हलू नकोस."

मावशीनं श्वास रोखला. मान ताठ झाली, ओठ मिटले. समोर जणू तो फोटोच येऊन बसला.

लेकीनं ब्रश खाली ठेवला.

"चुकलं माझं. सोल तू. हल, बोल, काय हवं ते कर."

"काय बोलू?"

"त्या पालीचं पुढे काय झालं?"

"पालीचं कशाला, तुझ्या आईचं ऐक," म्हणत मावशी जी सुटली ती सुटलीच.

लेकीनं नवा कागद लावला, कोळसा उचलला. समोर मावशी होती, कागदावर आई येत होती. मध्येच डोळे भरले. बोटं काळी, म्हणून तिनं ते मनगटानंच पुसले.

बाबा परतले तेव्हा मावशी भांडं घेऊन आत गेली होती. कागदावर फार रेषा नव्हत्या. अर्धवट वळलेला चेहरा, कपाळाशी मनगट, ओठ उघडे. नाक तर धड काढलंही नव्हतं. हेही जमलं नसणार, असं वाटून लेक पाठमोरी होऊन हात पुसत राहिली.

बाबा दारातच थबकले.

"काय म्हणालीस?"

"मी कुठे काय बोलले, बाबा?"

"तुला नाही विचारलं," बाबा म्हणाले, आणि चित्रासमोर खुर्ची ओढून बसले.