पुष्पाच्या मागची

भावसिंग राठोड माडीचा जिना चढून आला तेव्हा त्याची मुलगी उर्वशी कॉम्प्युटरवर आपल्यासकट चौघी बहिणींची नावं टाइप करत होती.

"सर, आज हिले लवकर सोडा. पुसदचे पाहुणे हिले पाह्याले निघाले, फोन आलता."

धम्मरत्न सरांनी नुसती मान हलवली. दिवसभर बोलून त्यांचा घसा बसला होता. फुलसावंगीत खाली कृषी केंद्र आणि वर त्यांचा कॉम्प्युटर क्लास. फवारणीच्या औषधाचा वास न बोलावता वर यायचा, विद्यार्थी मात्र येता येता राहायचे. कापसाची वेचणी लागली की निम्म्या खुर्च्या मोकळ्या. पायथन प्रोग्रामिंगच्या बॅचला तर आज एकटी उर्वशी होती, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची.

"पोरगी हुशार आहे. परीक्षा तरी होऊ द्या," सर म्हणाले. म्हणायचं म्हणून म्हणाले. हे त्यांनी याआधी कितीतरी बापांना सांगितलं होतं आणि एकानेही ऐकलं नव्हतं.

"परीक्षा कुठं पळून चालली? मोठीचं उन्हाळ्यात झालं, आता हिचा लंबर. पण कालपासून नाही नाही करून राह्यली. मी म्हटलं, तू नको बसू पाहुण्यापुढं. हिच्या पाठची वर्षा हाय. नववीत हाय, पण उंचीनं हिच्याएवढी दिसते. सगाई आता करू, लग्न मंग. पाहुण्याले काय, आपल्या घरची पोरगी पाह्यजे."

उर्वशीने मागे वळून पाहिलं नाही. भावसिंग खाली जाऊन मोटारसायकलवर बसला.

दुसऱ्याच्या घरात तोंड घालू नये, आपल्याला याच गावात क्लास चालवायचा आहे, असं सर स्वतःला नेहमी समजवायचे. आज त्यांना त्याची लाज वाटली. पण उठून खाली जावं एवढी नाही.

"सर, माझं काही तरी चुकून राह्यलं."

काम साधंच होतं. यादीतलं एकेक नाव घ्यायचं, ते छापायचं आणि यादीतून काढून टाकायचं. शेवटी यादी रिकामी झाली पाहिजे. नवशिक्यांसाठी हा सापळाच, आणि सर तो प्रत्येक बॅचला लावायचे. उर्वशीच्या यादीत पुष्पा, उर्वशी, वर्षा, काजल अशी वयाप्रमाणे नावं होती. प्रोग्राम चालवला तर निघाल्या फक्त पुष्पा आणि वर्षा. उर्वशी आणि काजल यादीतच राहिल्या.

सर कंबर धरून उठले. "सगळ्यांचं इथंच चुकतं. एक नाव काढलं की मागची नावं एकेक जागा पुढे सरकतात. पुष्पा निघाली, तिच्या जागेवर तू आलीस. कॉम्प्युटर म्हणतो, ही जागा तर माझी पाहून झाली. तो पुढच्या जागेवर जातो, आणि तू सुटतेस."

"म्हंजे मी सुटली?" आल्यापासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"सुटलीस. आणि तुझ्या ऐवजी..." सर अडखळले. आपण काय बोलतो आहोत ते त्यांच्या आता ध्यानात आलं.

"वर्षा," उर्वशी म्हणाली. हसू गेलं होतं.

खालून हॉर्न वाजला.

"यादीची आधी एक कॉपी करायची," सर घाईघाईने म्हणाले, "आणि लूप, म्हणजे एकेक नाव घेत जाणारी फेरी, त्या कॉपीवर फिरवायचा. मग कोणी सुटत नाही. चौघीही निघतात."

"काजल बी?"

"काजल पण."

काजल चौथीत होती.

उर्वशी पडद्याकडे पाहत बसली. पुन्हा हॉर्न वाजला, या खेपेला लांबलचक. मग तिने नाव काढण्याच्या ओळीखाली एकच शब्द टाइप केला, नुकताच शिकलेला. ब्रेक. म्हणजे लूपने तिथेच थांबायचं. तिने प्रोग्राम चालवला. पुष्पा निघाली आणि बाकी तिघी यादीत तशाच राहिल्या.

"अगं, हे उत्तर नाही. यादी रिकामी करायची होती."

"कोणाले रिकामी कराची हाय, सर?"

तिने फाइल सेव्ह केली, ओढणी सारखी केली आणि जिना उतरून गेली.

सर खिडकीशी गेले. भावसिंगने गाडी चालू केली होती. उर्वशी गाडीजवळ जाऊन उभी राहिली, पण बसली नाही. भावसिंग तिला बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काहीतरी म्हणाला. बाप-लेक तांड्यात, घरी, रस्त्यात, त्याच भाषेत बोलायचे. उर्वशीने उत्तर दिलं ते मात्र मराठीत, खणखणीत, वर माडीपर्यंत ऐकू जाईल असं.

"मी येत नाही. अन् माह्या मागं वर्षाचं नाव घेऊ नका, बापू. पुष्पाताईवर थांबा."

कृषी केंद्राच्या पायरीवरची माणसं वळून पाहू लागली. भावसिंगने त्यांच्याकडे पाहिलं, मग मान वर करून खिडकीकडे पाहिलं. एरवी असा एखादा बाप वर पाहू लागला की सर चटकन मागे व्हायचे.

आज ते खिडकीतच उभे राहिले. थोड्या वेळाने खाली गाडीचं इंजिन बंद झालं.