खांद्यावरचा मान

रोड्स बेटावर दियागोरास पुरस्कार मिळाला की खेळाडूनं आपल्या वडिलांना खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारायची. प्राचीन काळच्या दियागोरास नावाच्या मुष्टियोद्ध्याला त्याच्या जिंकून आलेल्या मुलांनी असंच मिरवलं होतं म्हणे! यंदा मान होता धावपटू रोदांथीचा, आणि तिचे बाबा, बेकरीवाले त्साम्बिकोस, म्हणजे चालतंबोलतं पिठाचं पोतं. सगळ्या बेटासमोर फजिती नको, म्हणून तिनं घरी ठोकून दिलं, "बाबा, यंदा नुसताच छोटा कार्यक्रम आहे, खेळाडूंपुरता. तुम्ही नका येऊ."

"बरं पोरी," एवढंच म्हणून ते परत कणीक मळायला लागले.

कार्यक्रमाच्या दिवशी तिनं बाबांऐवजी काटकुळ्या प्रशिक्षकांना खांद्यावर घेतलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला, पण तिला मान वर करून बघवेना. घरी आली तर बाबा मटणाच्या रश्शात पावाचा भलामोठा तुकडा बुडवत होते.

मनातली टोचणी लपवायला ती उगाच मोठ्यानं हसली. "अरे वा, सुटला एकदाचा उपास! ईस्टरला सगळ्यांचे उपास संपून महिना झाला तरी नुसता उकडलेला पाला चघळत होतात."

"सुटला बाई," बाबा ताटातच बघत म्हणाले.

आई मात्र गप्प बसली नाही.

"तुझं नाव जाहीर झालं त्या दिवसापासून पावाला शिवले नव्हते ते; म्हणायचे, पोरीच्या खांद्यांना भार नको व्हायला."