शुभदाबाईंची तोंडी परीक्षा

शुभदाबाई नापास व्हायचं ठरवूनच खुर्चीत बसल्या.

गेल्या खेपेला जमलं होतं. स्पॅनिशच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेत त्या मुद्दाम नापास झाल्या आणि आणखी सहा महिने शनिवार-रविवार जे. पी. नगरच्या या वर्गात यायला मिळालं. पास झालेल्यांचा पुढचा वर्ग ऑनलाइन असतो. पडद्यावर चाळीस चौकोन, सगळ्यांचे आवाज बंद. घरात शुकशुकाट काय कमी होता? मुलगा नि सून आठ वाजता इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसची वाट धरत. शेजारच्या अक्का जिन्यात भेटल्या की 'ऊटा आयता' म्हणून जेवणाची चौकशी करत. 'आयतु', झालं, म्हटलं की दिवसभराचं बोलणं संपलं. मग कन्नडच शिका ना, असं सून म्हणाली होती. पण चालत जाण्यासारखा वर्ग स्पॅनिशचाच होता, त्याला काय करणार? आणि तिथं माणसं एकमेकांना प्रश्न विचारत. अभ्यास म्हणून का होईना, विचारत.

समोर निधी बसली होती. शिकवणारी तीच आणि परीक्षा घेणारीही तीच. पुण्याची पोरगी, वय सव्वीस, वर्गात मराठीचा म काढू देत नसे. तिनं 'आब्लार' दिलं. आब्लार म्हणजे बोलणं. पूर्वी मी बोलायचे, तू बोलायचास, आम्ही बोलायचो, अशी सगळी रूपं म्हणून दाखवायची होती. शुभदाबाईंनी ठरल्याप्रमाणे घोळ घातला. मी आब्लाबा, 'तू'ला 'ते'चं आब्लाबान, आणि 'आम्ही'पाशी आल्यावर त्या सरळ गप्पच झाल्या. निधीनं कागदावर काहीतरी खोडलं. तिचा पडलेला चेहरा बघून बाईंना वाईट वाटलं, पण काम फत्ते झालं होतं.

इतक्यावर सोडायचं की नाही? पण पोरगी चिकट. पाठांतर राहू द्या, असं ती स्पॅनिशमध्येच म्हणाली, आणि पेन खाली ठेवून तिनं त्याच भाषेत विचारलं, "काकू, पूर्वी संध्याकाळी तुम्ही कुणाशी बोलायचात?"

नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

शुभदाबाई बोलायला लागल्या. विद्याधर कांदा चिरताना गायचे, आणि फार वाईट गायचे. फोनवर असे ओरडून बोलायचे की नागपूरची अर्धी गल्ली ऐकायची. मी वरणाला फोडणी द्यायचे. फोडणीला स्पॅनिश शब्द येईना, म्हणून तो मराठीच दडपून दिला. आम्ही सगळ्यावर बोलायचो, दूधवाल्यावर, नणंदेवर, अगदी देवावरसुद्धा. भांडायचो. भांडून झालं की आधी तेच बोलायचे. मी, ते, आम्ही, सगळी रूपं बिनचूक बाहेर पडत होती आणि बाईंना त्याचं भानच नव्हतं.

घसा सुकला तेव्हा त्या थांबल्या. पाणी प्यायल्या, आणि मग आपण काय करून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं.

निधीनं वीसपैकी अठरा गुण मांडले. पुढच्या वर्गाची लिंक उद्या पाठवते, म्हणाली. सुरुवातीला सगळं चुकलं होतं की, अशी शुभदाबाईंनी आठवण करून दिली, पण निधी ऐकेना. घाबरून होतं तसं, म्हणाली. परीक्षा संपली होती, म्हणून आता ती मराठीत बोलत होती.

"इतकं सुरेख बोलता, काकू. घरी सरावाला कोण असतं?"

"आत्ता होतीस की तू," शुभदाबाई म्हणाल्या.

निधी हसली आणि तिनं पुढच्याला आत बोलावलं.