बेटावरून निघताना

तळ्यातल्या बेटावर पूर्वी निजामाचं लष्कर असायचं. आता तिथं बाग आहे. येरमाळ्याहून मी आईला घेऊन गेलो. होडीतून उतरताना नावाडी मुजीबनं तिला बजावलं, “काकू, निघताना ‘येते’ म्हणू नका. ‘जाते’ म्हणा.”

“असलं वंगाळ कोण बोलतं बाबा?” आई हसली.

दुपारी आम्ही शिपायांच्या जुन्या बराकीच्या सावलीत भाकरी खाल्ली. दाराला बाहेरून गंजलेलं कुलूप होतं.

ऊन कललं. आईनं डबा पिशवीत ठेवला, पदर सावरला आणि सवयीनं त्या बंद दाराला म्हणाली, “बरं, येते मी.”

आतून कुणीतरी अदबीनं विचारलं, “कवा?”

मी आईचा हात ओढला. ती हलली नाही. बोटांवर काहीतरी मोजून म्हणाली, “दिवाळी झाली की.”