खोलीची शांतता

बायको वारून वर्ष झालं, तरी तिची मांजर घरभर ओरडत फिरायची. शेवटी गौरांगने मांजरीला विजय नगरच्या आपल्या रेकॉर्डिंग स्टुडिओत आणलं. “काहून आणलं भैया हिला? मध्येच ओरडली म्हणजे?” जाहिरातींना आवाज देणारी दीक्षा कुरकुरली. पण दीक्षा वाचून बूथबाहेर येईपर्यंत मांजर गाढ झोपलेली. वाक्यांमधल्या फटी बुजवायला गौरांगने नेहमीची फाइल लावली: कोणी बोलत नसताना टिपलेली खोलीची मिनिटभर शांतता. ताडकन उठून मांजर रिकाम्या बूथचं दार ओरबाडू लागली. गौरांगने आवाज वाढवला. शांततेत कुणीतरी श्वास घेत होतं. ते मिनिट टिपताना बायको याच बूथमध्ये माइकसमोर गप्प बसली होती. वर्षभर प्रत्येक जाहिरातीखाली त्याने हाच श्वास अंथरला होता. “हा कोणाचा श्वास, भैया? डिलीट करू?” मिनिट संपलं. मांजरीने वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याने फाइल पुन्हा लावली.