बासष्ट भेल्या

"आबा, तुमचं वजन किती?"

आभाने माईकवर विचारलं आणि पहिल्या रांगेतल्या तिच्या मैत्रिणी एकमेकींच्या अंगावर पडल्या. हिंमत असेल तर भर मांडवात विचारून दाखव, असं प्राचीने शाळेत म्हटलं होतं. आभाकडे हल्ली हिंमतच हिंमत होती. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तिच्या हातून माईक काढून घेणं घरात कोणालाच जमत नव्हतं.

"बासष्ट," आबा म्हणाले. अजिबात न अडखळता.

लोक हसले, टाळ्या पडल्या. दोन वर्षांमागे मोतीबिंदू काढला तेव्हा दवाखान्यात आबा बासष्ट किलो भरले होते. तोच आकडा धरून आभाच्या पप्पांनी, म्हणजे संजयने, एकेक किलोच्या बासष्ट गुळाच्या भेल्या आणल्या होत्या. आबांना, म्हणजे वामनरावांना, एक्याऐंशी लागलं होतं. हजार पौर्णिमा पाहून झाल्या, म्हणून सहस्रचंद्रदर्शन, आणि त्यात गुळाची तुला. तराजूही कापसाच्या बाजारातला, जुना, दांडीचा मागवला होता. त्याच बाजारात आबांनी छत्तीस वर्षं मापारी म्हणून काढली होती.

आधी भाषणं झाली. तांड्यावरचे म्हातारे रामधन काठी टेकत उठले. "सख्ख्या साळ्याच्या कापसात पानी निंघालं, त यायनं पोतं वापस फिरवलं. साळा पोरीच्या लग्नाले आला नाही. पन काटा हलला नाही."

मग संजय बोलला. आम्ही चौघं भावंडं जेवल्याशिवाय आबा पाटावर बसले नाहीत, हे त्याने दोनदा सांगितलं. आभाच्या आईने, सुचित्राने, पदर डोळ्यांना लावला.

दोघांनी आबांना उचलून पारड्यात बसवलं. गुळाचं पारडं जमिनीवरच राहिलं. आबा वर अधांतरी, पाय लोंबकळत. पोरं खिदळली.

"शाल घाला, शाल," संजय घाईने म्हणाला.

चैत्राच्या उन्हात एक शाल आली, दुसरी आली. पारडं हललं नाही. मांडीवर नारळ ठेवले. काचेचं मानपत्र ठेवलं. आबांच्या आठवणींचा छापलेला अंक होता, त्याचे दोन गठ्ठे ठेवले. आभा माईकवर सगळं रंगवून सांगत होती. "आता येत आहे समई, आणि ही पितळी घागर, नागपूरच्या जावयांकडून." लोक हसून बेजार. शेवटी आबांचे फक्त डोळे दिसायला लागले, तेव्हा कुठे दांडी सरळ झाली. फोटोवाला पुढे सरसावला.

"काटा खोटा हाये," आबा आतून म्हणाले.

"आबा, फोटो होऊ द्या ना," संजय म्हणाला.

"मले काटा शिकवतं काय बे?" त्यांनी मांडीवरची समई खाली दिली. मग घागर, नारळ, मानपत्र, गठ्ठे, शाली. सदरा घामाने फासळ्यांना चिकटला होता. "आभा, भेल्या काढ. मोजून काढ."

माईक हातात होताच. "एकसष्ट," आभा म्हणाली. "साठ. एकोणसाठ." मैत्रिणी तिच्याबरोबर ओरडत होत्या. पन्नासला निम्म्या गप्प झाल्या. पंचेचाळीसला प्राचीने खाली पाहिलं. त्यानंतर मांडवात एकट्या आभाचाच आवाज येत होता.

दांडी सरळ झाली. आबांनी बोटाने काटा थांबवला, सोडला, पुन्हा थांबेपर्यंत वाट पाहिली. मग बाजारात द्यायचे तशी हाक दिली. "एक्केचाळीस. लिहा."

कोणी काही लिहिलं नाही.

"वयानं भूक मरते हो," सुचित्रा समोरच्या बायकांना म्हणाली. आवाज जरा मोठाच होता. "दोन घास खातात अन् ताट सरकवतात. किती आग्रह करावा माणसानं? हो ना आबा?"

सगळा मांडव आबांकडे पाहू लागला. आबांनी सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे. संजय फोटोवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता.

"हो," आबा म्हणाले. "भूकच नसते आता."

सख्ख्या साळ्यासाठी जे आबा खोटं बोलले नव्हते, ते आता बोलले. रामधननी मान फिरवली. सुचित्राने पदर नीट केला आणि पंगत बसवा म्हणून आत सांगितलं.

"आण तो माईक इकडे," संजय म्हणाला.

आभाने दिला नाही. बोलताना स्पर्धेतली भाषा तिला सुचली नाही, घरचीच आली.

"आई, पप्पा, आबाची ओली चादर उद्यापासून मी धुवत जाईन. आजपासून त्यायले रातचं जेवू द्या."